अँटिबायोटिक चालू आहे म्हणून दूध तोडू नकोस

अगं, दीड महिन्याचं बाळ, तुझ्या डाव्या स्तनात लालबुंद गाठ, अंगात ताप, डॉक्टरांनी दिलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह हे अँटिबायोटिक, आणि वर मेडिकलवाल्याचं "कोर्स संपेपर्यंत पाजू नका". तुझी पोस्ट वाचताना माझीच जुनी फाइल उघडल्यासारखं झालं. मी डॉक्टर नाही, दोन बाळंतपणं झालेली बाई आहे, त्यामुळे शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचा. पण मेडिकलवाल्याचा नक्कीच नाही.

बाळाचा कान दुखायला लागला तर हेच अमॉक्सिसिलिन त्याला थेट सिरपमधून देतात. दुधातून वजनाच्या हिशेबाने पोचतं ते आईच्या डोसच्या साधारण १ टक्का, आणि १० टक्क्यांच्या आत असलेलं औषध सहसा चालतं असं मानतात. मग बंद कशासाठी?

माझ्या वेळी एका नावाजलेल्या प्रसूतिगृहात कागदावर चक्क रबरी शिक्का मारत. "औषध चालू असताना स्तनपान बंद." औषध कुठलं, बाळ केवढं, काही विचारायचं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईला नुसतं पॅरासिटामॉल दिलं होतं, तिच्याही कागदावर तोच जांभळा शिक्का. फोन करून विचारलं तर पलीकडून उत्तर, "उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" आणि भिंतीवर काय, तर पावडरच्या दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर! १९९२च्या कायद्याने दवाखान्यात अशा जाहिरातीला बंदी आहे म्हणे. असो.

त्या शिक्क्यामुळे काय झालं ते ऐक. दूध तुंबलं, गाठीचं गळू झालं, सोनोग्राफीत बघून सुईने पू काढावा लागला. बाळाला तोवर बाटलीची सवय लागलेली, परत अंगावर घ्यायला ते अजिबात तयार होईना. जंतुसंसर्ग औषधाने आटोक्यात आला असता. घात केला तो दूध अचानक तोडल्याने. म्हणून त्याच बाजूने पाजत राहा, बाळाला हवं तेव्हा. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाला त्या दुधाने काही होत नाही.

आता सगळीच औषधं सारखी नसतात, हेही सांगते, नाहीतर उद्या कोणी माझ्यावर भांडेल. सल्फा गटातली गोळी असेल आणि बाळ कावीळ झालेलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचार. लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन महिन्याच्या आतल्या किंवा जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशी जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या आईने टाळलेलं बरं. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा २ ग्रॅमचा एकच मोठा डोस दिला तर काही डॉक्टर १२ ते २४ तास दूध पिळून टाकायला सांगतात. रोजच्या छोट्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. म्हणून दवाखान्यात गेल्या गेल्या, आजार सांगायच्याही आधी, "मी पाजते, बाळ इतक्या दिवसांचं आहे" हे सांगून टाक. आणि 'लॅक्टमेड' नावाची अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाची माहिती नेटवर फुकट मिळते, तिच्यात औषधाचं मूळ नाव टाकून बघ. ब्रँडचं नाव नको, गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते.

बाळाला एखाद-दोन दिवस पातळ शी झाली, ढुंगण लाल झालं तर घाबरू नकोस. जिभेवर पुसून न जाणारा पांढरा थर दिसला किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र दाखव.

सासूबाई गाठ जोरात चोळून देतील, चांगल्या मनानेच, पण चोळू देऊ नकोस, सूज वाढते. माझ्या आजीचा भर शेकण्यावर होता. आता पाजून झाल्यावर बर्फाची पुरचुंडी ठेवायला सांगतात, आणि मला तरी तिचाच आराम पडला. दुखण्यावर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आईला सहसा चालतं, तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. कोर्स अर्धवट सोडू नकोस. ४८ तासांत ताप उतरला नाही किंवा गाठ तशीच राहिली तर सोनोग्राफी करायचीच म्हणून सांग, "बघू अजून दोन दिवस" ऐकून घरी परतू नकोस.