टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम्सना समीक्षक न्याय देतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: ज्या टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल (टर्न) खेळायच्या गेममध्ये तुम्ही नव्वद तास घातले, त्याला एका मोठ्या साइटने दहापैकी सहा दिले आणि कारण काय, तर 'संथ आणि जुनाट'. आणि ज्याला नऊ मिळाले तो तुम्ही दोन आठवड्यांत काढून टाकलात. मग समीक्षक या प्रकाराबद्दल आकस धरून असतात का?

आकस नसतो हो. घाई असते. आणि या प्रकारच्या खेळांचं घाईने जेवढं नुकसान होतं तेवढं आकसाने झालं नसतं, कारण आकस वाचणाऱ्याला लगेच दिसतो, घाई दिसत नाही.

हे मी बाहेरून बघून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या साइटसाठी गेम्सची परीक्षणं लिहायचो. एकदा साम्राज्य उभारायचा एक गेम आला. गेम उघडायचा कोड हातात पडला गुरुवारी संध्याकाळी, परीक्षण जायचं होतं मंगळवारी सकाळी. चार दिवस, त्यातले दोन ऑफिसचे. सोमवारी रात्री अकरा वाजता मी २१०व्या टर्नवर होतो. डाव पाचशे टर्नचा. माझी अठरा शहरं झाली होती आणि दर टर्नला त्यातली चार-पाच तरी 'आता काय बांधू?' म्हणून समोर उभी राहायची. सुरुवातीला वीस सेकंदांत संपणारा टर्न आता पाच-सहा मिनिटं खात होता. उरलेले टर्न झोपायच्या आत संपणं शक्यच नव्हतं. मी गेम बंद केला, चहा केला आणि लिहायला बसलो. त्यात एक वाक्य होतं: 'हा डाव शेवटपर्यंत पकड सोडत नाही.' शेवट मी पाहिलाच नव्हता. गुण दिले आठ.

दोन आठवड्यांनी तोच डाव मी सावकाश पूर्ण केला. २८०च्या पुढे कॉम्प्युटरच्या राजांनी लढणंच सोडून दिलं होतं. त्यांची जहाजं बंदरात ओळीने उभी, बॉम्ब पडताहेत तरी हलत नाहीत. जिंकणार हे मला कळून चुकल्यावरही दीडशे टर्न नुसतं बटण दाबायचं काम उरलं होतं. परीक्षणाखाली एका वाचकाने विचारलं होतं, 'तुम्ही हा गेम संपवला होता का?' मी त्याला उत्तर दिलं नाही. आज इथे देतोय असं समजा.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, आणि बहुतेक गेम्सच्या बाबतीत ती चालतेही. गोळीबाराचा गेम असेल तर बंदूक हातात कशी वाटते हे तीन तासांत कळतं; तीस तासांनी ती वेगळी वाटायला लागत नाही. स्ट्रॅटेजीत मात्र दहाव्या टर्नला घेतलेल्या निर्णयाचं फळ दोनशेव्या टर्नला मिळतं. ते फळ चाखल्याशिवाय निर्णयात दम होता की नाही हे सांगणार कसं? अशा साम्राज्य उभारायच्या गेम्सना म्हणतात तो 'फोर-एक्स' हा शब्दच बघा. १९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन' या गेमबद्दल लिहिताना ॲलन एमरिच यांनी 'कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात तो वापरला. शोध घ्या, पसरा, पिळून काढा, संपवा (एक्सप्लोर, एक्सपँड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट), असे ते चार एक्स. माझ्यासारखा घाईतला समीक्षक पहिले दोन मनसोक्त खेळतो, तिसरा अर्धा बघतो आणि चौथा अंदाजाने लिहितो. आणि दुर्दैव असं की पहिले दोन जवळजवळ प्रत्येक गेममध्ये छानच असतात. काळा नकाशा उघडत जातोय, पुढच्या डोंगरापलीकडे काय आहे ते माहीत नाही, हाताशी दोन-तीनच युनिट्स, म्हणजे तुकड्या. पन्नास टर्नपर्यंत सुमार गेमसुद्धा गोड वाटतो.

त्यामुळे तुमच्या मताच्या नेमकं उलट माझं म्हणणं आहे. समीक्षक या प्रकाराला एकंदरीत कमी गुण देत नाहीत, जास्त देतात. निदान मोठ्या नावांना तरी.

'सिव्हिलायझेशन ५' घ्या. सप्टेंबर २०१०मध्ये आला, परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर ९०. त्यातला मोठा बदल म्हणजे एका षटकोनात एकच लढाऊ युनिट. आधीच्या भागांत एका घरात सैन्याचा ढीग रचता यायचा, तो बंद झाला. कल्पना सुंदर होती आणि पहिल्या काही तासांत तर फारच सुंदर वाटायची: धनुर्धारी मागे, भालेवाले पुढे, खिंड अडवून धरायची. फक्त कॉम्प्युटरला ते जमत नव्हतं. त्याचे धनुर्धारी पुढे यायचे, तोफा उघड्यावर यायच्या, आणि अरुंद वाटेत त्याची युनिट्स एकमेकांची वाट अडवून उभी राहायची. या गेमचे मुख्य डिझायनर जॉन शेफर यांनीच पुढे २०१३मध्ये, आपल्या नव्या गेमच्या निमित्ताने, या रचनेतल्या अडचणी मोकळेपणाने मांडल्या. सामान्य खेळाडूंना त्या पहिल्या महिन्यातच दिसल्या होत्या. पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणांत मात्र बहुतेक ठिकाणी त्यांचा उल्लेख एखाद्या परिच्छेदापुरता.

का दिसल्या नाहीत, तर कॉम्प्युटर कसा खेळतो हे तपासायला आधी तुम्हाला त्याच्यापेक्षा बरं खेळता यावं लागतं. नवशिक्याला समोरचा चुकतोय हे कळत नाही, कारण तो स्वतःच चुकत असतो. बुद्धिबळाच्या पटावर बसलेल्या कुणालाही हे पटेल. त्यात परीक्षणं बहुधा मधल्या किंवा त्याखालच्या काठिण्यपातळीवर खेळून लिहिली जातात. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये 'प्रिन्स' या पातळीवर कुणालाच सवलत नसते. सर्वांत वरच्या 'डेइटी'वर प्रत्येक प्रतिस्पर्धी तीन वसाहतकार (नवं शहर वसवणारी युनिट्स) घेऊन सुरू करतो आणि तुम्ही एक घेऊन. म्हणजे पातळी वाढली की समोरच्याची अक्कल वाढत नाही, शिदोरी वाढते. खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती संगीत 'भव्य' आहे यापेक्षा किती मोलाची. पण ती कळायला डेइटीवर मार खावा लागतो, आणि मंगळवारपर्यंत तेवढा वेळ नसतो.

आता उलट बाजूचा अन्याय. तो खरा आहे आणि तुमच्या गेमच्या वाट्याला बहुधा तोच आलाय.

'संथ' हा दोष सांगताना समीक्षक पुष्कळदा प्रकारालाच दोष देत असतो. पावसाला ओला म्हटल्यासारखं. टर्न-बेस्डमध्ये घड्याळ थांबवलेलं असतं ते विचार करता यावा म्हणून. विचार करायला काही नसेल तर तो दोष, घड्याळ थांबलंय हा नव्हे. हे दोन वेगळे करून न सांगणारं परीक्षण मी अर्ध्यावर सोडतो. आणि 'जुनाट' या शब्दाला तर इतिहास आहे. २०१०मध्ये 'एक्सकॉम' या जुन्या टर्न-बेस्ड मालिकेचं नाव घेऊन टूके कंपनीने चक्क एक शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम जाहीर केला, आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या प्रमुखांनी स्ट्रॅटेजी गेम आता समकालीन राहिले नाहीत अशा अर्थाचं विधान केलं. मग त्याच कंपनीच्या फिरॅक्सिस स्टुडिओचा टर्न-बेस्ड 'एक्सकॉम: एनिमी अननोन' ऑक्टोबर २०१२मध्ये आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. शूटर नाव बदलून २०१३मध्ये निघाला. त्याची आठवण आज कोण काढतं? २०२३मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून गाजलेल्या 'बाल्डर्स गेट ३'मधली लढाईही टर्न-बेस्डच आहे. तरी 'जुनाट' हा शिक्का अजून खिशात ठेवूनच काही जण लिहायला बसतात.

एक्सकॉमवरून आठवलं. परग्रहवासी शेजारच्याच चौकोनात उभा आहे, नेम लागायची शक्यता स्क्रीनवर ९५ टक्के लिहिलीय, आणि तुमचा सैनिक भिंतीला गोळी मारतो. यावर चिडून 'गेम फसवतो' असं लिहिलेली परीक्षणं मी वाचली आहेत. गंमत म्हणजे गेम फसवतो हे खरं आहे, पण तुमच्या बाजूने. सोप्या आणि मधल्या पातळीवर लागोपाठ नेम चुकले की एनिमी अननोन तुमची शक्यता गुपचूप वाढवतो आणि आकडा मात्र जुनाच दाखवतो. 'फायर एम्ब्लेम' मालिकेने तर २००२पासून अनेक भागांत एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी घेतली. ९० टक्के दिसत असेल तर प्रत्यक्षात नेम शंभरातून साधारण ९८ वेळा लागतो. कारण माणसाला ९० टक्के म्हणजे 'नक्की' असंच वाटतं. 'सिव्हिलायझेशन'चे जनक सिड मायर यांनी २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात हेच सांगितलं होतं: तीनास एक अशी बाजू भक्कम असताना हरलेला खेळाडू ते मान्यच करत नाही. खेळाडूने मान्य न करणं समजू शकतो. परीक्षण लिहिणाऱ्याने निदान दोनशे गोळ्या मोजाव्यात की नाही?

छोट्या गेम्सना मात्र चांगला न्याय मिळतो, आणि त्याचं कारणही वेळच आहे. 'इन्टू द ब्रीच' (२०१८) बघा. आठ बाय आठचा पट, शत्रू पुढच्या चालीत कुठे मारणार हे आधीच दाखवलेलं, एक लढाई चार-पाच टर्नची, अख्खा डाव दोन-तीन तासांत. समीक्षक तो चार दिवसांत दहा वेळा खेळू शकतो, हरू शकतो, पुन्हा उभा राहू शकतो. त्याला मिळालेली स्तुती शंभर टक्के पटते. हीच माणसं, हीच डेडलाइन. खेळ तेवढा त्यांच्या आठवड्यात मावणारा होता.

बनवणाऱ्यांनाही हा लांबीचा प्रश्न ठाऊक आहे. बहुतेक खेळाडू डाव शेवटापर्यंत नेत नाहीत हे ओळखूनच 'सिव्हिलायझेशन ७'मध्ये (फेब्रुवारी २०२५) डाव तीन युगांत तोडला गेला. समीक्षकांची सरासरी ऐंशीच्या आसपास, आणि गेम विकणाऱ्या स्टीम साइटवर खेळाडूंचा कौल 'संमिश्र'. इथे मात्र खेळाडूंचंच खरं असं म्हणायला मी तयार नाही. चारशे तास आधीच्या भागात घालवलेला माणूस नव्या भागाला नवा गेम म्हणून बघतच नाही. त्याचं घर कुणीतरी न विचारता हलवलेलं असतं. पाचव्या भागाच्या वेळी चौथ्याचे भक्त असेच तुटून पडले होते, आणि २०१३च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या विस्तारानंतर त्यातले कितीतरी निमूटपणे पाचवाच खेळत बसले.

आणि यातच तुमच्या नऊ गुणांच्या गेमचं उत्तर आहे, थोडंसं. हे गेम्स दोन-तीन वर्षं शिजत राहतात, पण गुण पहिल्या दिवशीचे राहतात. साइटने नंतर स्वतःचा आकडा बदलला तरी मेटाक्रिटिक पहिलाच धरून ठेवतं. म्हणून मी आता आकडा बघतच नाही. परीक्षणात तीन गोष्टी शोधतो: कुठल्या पातळीवर खेळलात, किती डाव पूर्ण केलेत, आणि हरलात का. तिसरी सर्वांत महत्त्वाची. हरल्याचा एकही किस्सा नसलेलं स्ट्रॅटेजी गेमचं परीक्षण म्हणजे बहुधा पहिल्या पन्नास टर्नचं प्रवासवर्णन असतं. तीनही गोष्टी सांगणारे दोघे-तिघे लिहिणारे सापडले की त्यांनाच धरून राहा. त्यांची आवड तुमच्याशी जुळली नाही तरी चालेल.

राहता राहिला तुमचा सहा गुणांचा गेम. तो मी खेळलेलो नाही, पण तुम्ही नव्वद तास खेळलात. एक विचारतो, खरं सांगा: त्यातल्या प्रत्येक डावाचे शेवटचे साठ-सत्तर टर्न तुम्ही विचार करत काढलेत की मोबाइल बघत 'एंड टर्न' दाबत? दुसरं असेल, तर त्या समीक्षकाचा 'जुनाट' हा शब्द सोडून द्या, पण 'संथ' बद्दल त्याचं थोडं ऐकावं लागेल.