जुन्या जीप चेरोकीचा मागचा एक्सल: बदलण्याआधी

आधी गाडीखाली शीर आणि डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) झाकण नीट बघ, त्यावरून एक्सलचं मॉडेल कळतं. लंबगोल असेल तर डाना ३५. तळाशी सपाट असेल तर क्रायस्लर ८.२५, आणि १९९७ पासूनचा २९ स्प्लाइनचा (शाफ्टाच्या टोकाला २९ खाचा) असेल तर तो चांगला दणकट आहे. त्याला उगाच हात लावू नकोस.

डाना ३५ असला तरी ३० इंची टायर, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं यंत्र) नाही, एवढ्यावर तो निमूट चालतो. ३३ इंची टायर आणि लॉकर घालणार असशील, तर मात्र बदलच. सी-क्लिपवाल्या (शाफ्ट आतून छोट्या क्लिपने धरलेल्या) डानाचा शाफ्ट तुटला की चाक शाफ्टासकट बाहेर सरकतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जीव तोडून सांगतोय.

१९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ एक्सल घे: ३१ स्प्लाइन, डिस्क ब्रेक, चाकाच्या बोल्टची मांडणीही तीच. पण पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात. पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचा) कोन चुकला तर गाडी थरथरते. ब्रेक लाइन, हँडब्रेक केबल, प्रॉपेलर शाफ्टचा जोड, हा खर्च आधीच धर. आणि पुढच्या एक्सलचा गिअर रेशो मागच्याशी जुळलाच पाहिजे, नाहीतर फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) खलास.