पर्वतीच्या चाळीस पायऱ्या

प्रिय मुली,

नवऱ्याच्या मारहाणीची भीती अजून अंगातून जात नाही, असं लिहून शेवटी विचारलंस, "जिम लावली तर हे थांबेल का, ताई?" थांबेल असं मी लिहिणार नाही, कारण माझं पूर्ण थांबलेलं नाही. कमी मात्र खूप झालं.

घर सोडल्यावर चौथ्या महिन्यात मी पर्वती चढायला गेले. 103 पायऱ्या, पुण्यातले आजी-आजोबा रोज चढतात. चाळिसाव्या पायरीच्या आसपास छाती धडधडायला लागली आणि मला लॅचमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज आला. नवरा घरी आला की यायचा, अगदी तसाच. भर उजेडात, एवढी माणसं आजूबाजूला असताना. मी मटकन खाली बसले. दगड गार होता, त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले. सोबतच्या मैत्रिणीने काही विचारलं नाही. बाटलीचं झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि शेजारी बसून राहिली.

नंतर माझ्या समुपदेशक बाईंनी उलगडून सांगितलं. मारहाणीच्या वेळी धडधडायचं, धाप लागायची, घाम फुटायचा. चढावरही तेच होतं. शरीर कारण बघत नाही, खुणा ओळखतं. म्हणून पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर पळू नकोस. नुसती चाल. धाप लागली की थांब, तळपाय जमिनीला टेकलेत ना बघ, समोर दिसतील त्या पाच वस्तूंची नावं घे. धडधड उतरेपर्यंत तिथेच राहा. असं पुन्हा पुन्हा झालं की शरीराला पटत जातं, ही धडधड उतरते आणि तोवर कुणी मारत नाही. मला ते पटायला अख्खा पावसाळा गेला.

योगवर्गाला गेलीस तर शवासनाची सक्ती करून घेऊ नकोस. डोळे मिटून उताणं पडणं मला दोन वर्षं जमलं नाही. मी दाराजवळची जागा धरायचे, भिंतीला पाठ लावून डोळे उघडे ठेवून बसायचे. शिकवणाऱ्यांना आधीच सांग, न विचारता हात लावू नका. कारण द्यायची गरज नाही. त्यावर तोंड वाकडं केलं तर भरलेली फी गेली समज आणि वर्ग सोड.

तुझा नवरा तुला 'जाडी' म्हणायचा, हे वाचून मला फार वाईट वाटलं. उपाशीपोटी पळून शरीराला शिक्षा देऊ नकोस, माझी कळकळीची विनंती आहे. निदान या वर्षी वजनकाट्यावर उभी राहू नकोस. त्याचं बोलणं काट्याच्या तोंडून ऐकायला नको. पोटभर नाश्ता कर.

आई "विसर आता" म्हणते, कारण तिला दुसरं काही सुचत नाही. तिच्यापाशी नाही ते जाणकार माणसाकडे माग. व्यायाम उपचारांच्या जोडीला असतो, त्यांच्या जागी नाही. झोप उडाली असेल, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखव आणि दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. रात्री दोनला जगणं नकोसं वाटलं तर सकाळ व्हायची वाट बघू नकोस, 14416 लाव. ही 2022 मध्ये सुरू झालेली सरकारची टेली मानस सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

तो अजून रस्त्यात गाठतो म्हणतेस, ते एकटीने निस्तरायचं नाही. 181 वर महिला हेल्पलाइन आहे. सासर सोडलं असलं तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, त्याने तुझ्याशी संपर्क करू नये असा आदेश कोर्टाकडे मागता येतो. हा अर्ज करायला मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाताना मी सोबत येईन.

आधी शनिवारी सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. बूट नसले तरी चालेल, चप्पल मात्र मागे पट्टा असलेली घाल. वीसच पायऱ्या चढू. बाटली मी आणते.

तुझी,
ताई