पहिली पैठणी घेताना

तुम्ही पहिल्यांदाच पैठणी घेणार आहात, म्हणून माझा पहिला सल्ला असा की, दुकानदार पदराची उजवी बाजू पसरून कौतुक करू लागला की तुम्ही शांतपणे पदर उलटा करून पाहावा. हातमागावर प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी छोटी कांडी घेऊन विणकर त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच विणतो आणि शेजारच्या धाग्यात गुंतवून परत फिरतो, त्यामुळे मोराची चोच किंवा अजिंठ्याच्या चित्रांवरून आलेले कमळ मागच्या बाजूनेही जवळजवळ तेवढेच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मात्र पाठीमागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात, आणि ते झाकण्यासाठी जाळी शिवलेली असेल तर अधिकच सावध व्हावे. (माझी पहिली पैठणी जाळीचीच निघाली, हे सांगायला आता लाज वाटत नाही.) हाताने विणलेल्या नक्षीत किंचित असमानता दिसली तर तो दोष मानू नये.

सिल्क मार्कची चिठ्ठी रेशीम शुद्ध असल्याचे सांगते, हाताने विणल्याचे नव्हे. त्यासाठी हँडलूम मार्क पाहावा. काठ-पदरातली जर (धातूची तार) चांदीची आहे की नुसती चमकीची, हे बिलावर लिहून घ्यावे. शक्य असल्यास येवल्याला जाऊन मागावरचे काम प्रत्यक्ष पाहावे.

घरी साडी मलमलच्या कापडात गुंडाळावी, घड्या अधूनमधून बदलाव्यात आणि डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नयेत, कारण त्यांनी जर काळवंडते.