सॅक्सोफोन विकलात, रीड मात्र कंपासपेटीतच आहे

(नेरूळहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला, वाशीला इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, जेईईची तयारी. दहावीला 93 टक्के होते, आता क्लासच्या टेस्टमध्ये वरच्या बॅचमधून मधल्या बॅचमध्ये आलाय. आठवीपासून सॅक्सोफोन शिकतो, जॅझ ऐकतो, आणि सॅक्सोफोनिस्टच व्हायचं म्हणतो. सोसायटीच्या ग्रुपवर आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून पहाटे सायकलवर वाद्य घेऊन खाडीच्या बाजूला जायचा. शेवटची ओळ अशी: "मॅडम, यात काही स्कोप नाही एवढं तुम्ही त्याला समजावून सांगा, तो तुमचं ऐकेल.")

नमस्कार दादा,

पत्र तीनदा वाचलं. मार्कांचं वाचून मला फार काही वाटलं नाही, दहावीचे मार्क अकरावीत भल्याभल्यांचे टिकत नाहीत, आणि मधली बॅच म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही. पण मधेच एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. मागच्या महिन्यात तो क्लासला गेलेला असताना तुम्ही ते वाद्य ओएलएक्सवर 38 हजारांना देऊन टाकलं, आणि "तेव्हापासून घरात शांतता आहे, उलट बोलत नाही, वेळेवर अभ्यासाला बसतो." तुम्ही हे चांगली बातमी म्हणून लिहिलंय. मला वाचताना तिथेच धस्स झालं.

सोळा वर्षांचा मुलगा घरी आला, कपाटावरची पेटी जागेवर नाही, आणि तो भांडला नाही, रडला नाही, जेवला आणि पुस्तक उघडून बसला. दादा, तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. आणि त्याच पत्रात दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की हे वाद्य त्याच्या आजीने, म्हणजे तुमच्या आईने, एफडी मोडून 55 हजार देऊन घेतलं होतं, आणि आई मागच्या वर्षी गेल्या. म्हणजे तुम्ही नुसतं वाद्य नाही विकलंत, आजीने नातवाला दिलेली वस्तू त्याला न विचारता विकलीत. ती तुमची नव्हतीच. हे मी कडक शब्दात लिहितेय कारण तुमच्या घरात हे तुम्हाला दुसरं कुणी सांगेल असं पत्रावरून वाटत नाही.

अजून एक. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की त्याच्या कंपासपेटीत "कसलीतरी चपटी लाकडी पट्टी" सापडली, आणि अभ्यास करताना तो टेबलावर बोटं नाचवत असतो. ती पट्टी म्हणजे रीड. बोरूच्या जातीचं एक वेतासारखं गवत असतं, त्याची ती तासून पातळ केलेली पट्टी, टोकाला तर कागदासारखी. वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करतात, मग माउथपीसवर बसवून स्क्रूने आवळतात, आणि फुंकल्यावर ती थरथरते तेव्हा कुठे आवाज निघतो. म्हणजे पितळेचं एवढं धूड असलं तरी आवाज त्या पट्टीचा. माउथपीस तुम्ही पेटीसकट दिलात, रीड त्याच्याकडे राहिली, ती त्याने कर्कटक आणि कोनमापकाच्या मधे जपून ठेवलीय. आणि ती बोटं नाचत नाहीयेत, तो वाद्य हातात नसताना रियाज करतोय.

आता तुमची मागणी. "स्कोप नाही" असं मी त्याला सांगावं. ते मी करणार नाही, आणि कारण सांगते. मुलांच्या समुपदेशनाच्या या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत ठाण्यातल्या एका आईने मला असंच गळ घालून सांगितलं होतं, मुलगा तबल्यात अडकलाय, तुम्ही बोला. मी बोलले, छान मुद्देसूद बोलले, मुलाने ऐकलं. आज इंजिनीअर आहे, पगार चांगला आहे, आणि आईशी वर्षातून एकदा गणपतीत बोलतो. त्या माउलीचा फोन अजून येतो मला. तेव्हापासून आईबापांचा निरोप माझ्या तोंडून मुलाला द्यायचं मी बंद केलं.

तुमच्या पत्रातला एक समज मात्र इथे सोडवायलाच हवा, कारण सगळं त्यावरच उभं आहे. तुम्ही लिहिता, "शास्त्रीय संगीत असतं तरी समजलं असतं, जॅझमध्ये काय, मनाला येईल ते वाजवायचं, त्याला अभ्यास कसला." अगदी उलट आहे हो. तुम्ही ठाण्याला गडकरी रंगायतनला किंवा वाशीला भावे नाट्यगृहात ख्याल ऐकला असेल ना, राग ठरलेला, ताल ठरलेला, गायक आलाप-ताना तिथल्या तिथे घेतो पण समेवर चुकत नाही. जॅझचंही असंच. एका धूनचे बऱ्याचदा 32 बार, म्हणजे तालाचे सारखे भाग, असतात, प्रत्येक बारखाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ठरलेली, ही कॉर्ड्सची रांग चाकासारखी फिरत राहते आणि वाजवणाऱ्याने त्या फिरत्या कॉर्ड्सवर दर वेळी नवी चाल बांधायची, तीही अशा स्पीडला की विचार करायला वेळ नाही. त्यासाठी बाराही स्केल बोटांत बसलेल्या लागतात. चार्ली पार्कर, तो अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाला, ज्याचं नाव तुम्हीच लिहिलंय, तो तुमच्या मुलाएवढाच होता तेव्हा कॅन्सस सिटीत मोठ्या वादकांच्या बैठकीत वाजवायला उभा राहिला आणि मधेच चुकला, तर ड्रमवाल्या जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली, सगळ्यांसमोर. पोरगं घरी गेलं आणि पुढची तीनचार वर्षं रोज अकरा ते पंधरा तास रियाज केला असं त्याने स्वतः नंतर मुलाखतीत सांगितलंय. याला मनाला येईल ते म्हणायचं का? तुमच्या जेईईच्या क्लासपेक्षा हे कमी नाही, आणि याला आन्सर की पण नाही.

पार्करबद्दल तुम्ही जे गुगलवर वाचलंत ते खरं आहे, 1955 मध्ये 34 व्या वर्षी गेला, नशेने पोखरलेला. मी ते लपवणार नाही. पण मग त्याच पिढीतल्या सॉनी रॉलिन्सचंही वाचायला हवं होतं. न्यूयॉर्कचा, 1930 चा जन्म, टेनर सॅक्सोफोन. तोही तरुणपणी हेरॉईनमध्ये अडकला, तुरुंगात गेला, आणि 1955 मध्ये उपचार घेऊन बाहेर पडला तो कायमचा. पुढे नाव झालं, लोक त्याला सगळ्यात मोठ्यांमध्ये धरायला लागले, आणि नेमक्या त्याच वेळी, 1959 मध्ये, त्याने कार्यक्रम बंद केले. का, तर लोक म्हणतात तेवढं आपल्याला येत नाही असं त्याला वाटत होतं. घरात वाजवावं तर शेजारची बाई गरोदर, तिला त्रास नको, म्हणून तो विल्यम्सबर्ग नावाच्या पुलावर जाऊन वाजवायला लागला, थंडीवाऱ्यात, खालून बोटी, बाजूने ट्रेन, आणि हे जवळजवळ दोन वर्षं. 1961 मध्ये परत स्टेजवर आला.

हे वाचून तुम्हाला कुणी आठवलं का? सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला तर तुमचा मुलगा भांडायला गेला नाही, साडेपाचला उठून सायकलला पेटी बांधून खाडीवर गेला. पावसात तुमच्या बंद गाडीत बसून वाजवलं, तेही तुम्ही "वेडेपणाचा कळस" म्हणून लिहिलंय. दादा, मी वर्षाला शेकडो मुलं बघते, न सांगता साडेपाचला उठणारं पोर मला महिनोन्महिने दिसत नाही. तो रॉलिन्स होईल असं मी म्हणत नाहीये. पण हे वेड नाही, ही शिस्त आहे.

आणि तुमच्या पत्रात पवई तीनदा आलंय, आयआयटी म्हणून. साठच्या दशकाच्या शेवटी रॉलिन्स पुन्हा स्टेज सोडून भारतात आला तेव्हा काही महिने पवईच्याच एका आश्रमात राहिला होता, योग आणि ध्यान शिकायला. पुढे 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, धोबीतलावच्या रंगभवनात, तिथे येऊन तो वाजवून गेला. मुलाला हे कदाचित माहीत असेल. विचारून बघा.

आता पैशाचं, कारण तुमची भीती तीच आहे आणि ती खोटी नाही. फक्त जॅझ वाजवून मुंबईत घर चालत नाही, हे मी मुलालाही तोंडावर सांगेन. ऐकणारे कमी, जागा कमी, चौघांच्या बँडमध्ये एका रात्रीचे पैसे वाटले की हातात थोडेच उरतात, आणि नेरूळला परतायचं तर शेवटची हार्बर लोकल चुकली की टॅक्सीत त्यातलेही जातात. सॅक्सोफोनवाल्यांचं घर चालतं ते चार गोष्टी मिळून, शिकवणी, लग्नं आणि कॉर्पोरेट कार्यक्रम, हॉटेलं, थोडं रेकॉर्डिंग. क्रूझवर काही महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर नोकऱ्या असतात, पण तिथे समोर ठेवलेलं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत, बघताक्षणी वाजवता यावं लागतं, आणि सॅक्सोफोनबरोबर क्लॅरिनेट, फ्लूट येत असेल तर आधी बोलावतात. हिंदी सिनेमात मनोहारी सिंग 1958 च्या सुमारास कलकत्त्याहून मुंबईत आले आणि पुढची कित्येक दशकं सॅक्सोफोनवर आणि अरेंजर म्हणून टिकले, पंचमदांच्या टीमचा कणा होते, तेव्हा स्टुडिओत माणसं लागायची, आज कीबोर्डवर बरंच भागतं. कद्री गोपालनाथांनी तर तेच वाद्य कर्नाटक संगीतात आणलं, त्यासाठी वाद्यात बदल करून घेतले, वर्षानुवर्षं घालवली, 1994 मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवलं, 2004 मध्ये पद्मश्री मिळाली. वडील नागस्वरम वाजवायचे त्यांचे. म्हणजे वाट आहे, पण लांब आहे आणि बऱ्याचदा स्वतःच पाडावी लागते.

बाकी रस्ते थोडक्यात सांगते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा द्यायला हरकत नाही, पण ग्रेड म्हणजे नोकरी नव्हे. नेव्हीत आणि एअरफोर्समध्ये अग्निवीर म्युझिशियनची भरती निघते, दहावी पास लागतं, चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्साच पुढे ठेवतात हे लक्षात घ्या. पोलीस भरतीत बॅण्ड्समनच्या जागा असतात. बॉस्टनचं बर्कली हे संगीताचं कॉलेज राहण्याखाण्यासकट वर्षाला पन्नास लाखांच्या पुढे जातं, स्कॉलरशिपशिवाय त्याचं नाव घरात काढू नका, कर्ज काढून तर अजिबात नको. जेईई, सीईटीबद्दल तुमचा क्लास माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

माझं मत विचाराल तर सोळाव्या वर्षी "इंजिनीअर की सॅक्सोफोनिस्ट" हा निर्णय घ्यायचाच नाहीये. बारावी नीट करू दे, मग इंजिनीअरिंग असो, बीएससी असो, डिग्री चालू असताना रियाजही चालू राहू शकतो, विशीपर्यंत त्याला स्वतःलाच कळेल आपलं वाजवणं कुठे पोचतंय. नाही जमलं तर हौस म्हणून राहील, त्यात नुकसान कुणाचं आहे? इंटिग्रेटेडमध्ये त्याला खरंच राहायचंय का, की सीईटीपुरती तयारी पुरेल, हेही एकदा त्याला विचारा, पत्रात तुम्ही काय ठरवलंत ते पानभर आहे आणि तो काय म्हणाला ते एका ओळीत.

पण हे सगळं नंतर. आधी आज रात्री जेवण झाल्यावर त्याच्या खोलीत जा, दार उघडं ठेवा, आणि "माझं चुकलं, ते आजीने तुला दिलेलं होतं, मी विकायला नको होतं" एवढंच म्हणा. पुढे "पण" लावू नका. मार्कांचा म नको. तो काही बोलणार नाही कदाचित, किंवा चिडेल, चिडू दे. पुढचे काही दिवस त्याची झोप आणि जेवण यावर त्याच्या आईला आणि तुम्हाला लक्ष ठेवायला लागेल, ही शांतता अशीच राहिली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा, सरकारची टेलि मानस हेल्पलाइन आहे 14416, मराठीत बोलतात. आणि त्याचे वाशीचे सर, नेव्ही बँडमधून रिटायर झालेले म्हणालात ना, त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, क्लास बंद केल्याचं त्यांनाही तुम्हीच व्हॉट्सॲपवर कळवलं होतंत.

मग ओएलएक्सवाल्या माणसाला फोन लावा. नंबर असेल अजून. दोनचार हजार जास्त मागितले तरी द्या, परत मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही, तो आजीचा आहे. नाहीच मिळाला तर रविवारी दोघं हार्बरने सीएसएमटीला जा, तिथून धोबीतलाव चालत आहे, वाद्यांची दुकानं आहेत. नवा यामाहा लाखाच्या घरात जातो, तो नको, सेकंडहँड बघा, सरांना बरोबर न्या म्हणजे भोकांवरच्या पॅडमधून हवा गळते का ते तपासतील. तो वाजवून बघेल तेव्हा तुम्ही दुकानाबाहेर जाऊ नका, आत थांबा. निघताना रीडचा एक बॉक्स घ्या, कडकपणाचा नंबर त्याला विचारा, दोन की अडीच ते तो सांगेल.