वहीत चारशे शब्द, तोंडात एकही नाही

नौपाड्याहून आलेल्या त्या आईने पर्समधून वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. डिक्शनरीतले रोजचे दहा शब्द, समोर मराठी अर्थ. एकूण चारशे. मुलगी नववीत, सेमी इंग्रजीला. "मॅडम, रात्री घडाघडा म्हणते, आठवड्याने विचारलं की पाटी कोरी. हिला भाषेचं डोकंच नाही का?" दहावी जवळ आली की हा प्रश्न घेऊन बरेच पालक येतात.

आईला जरा बाहेर बसवलं, तेव्हा मुलगी बोलली. निबंधात मुसळधार पावसाला तिने 'गार्गॅन्चुअन रेन', म्हणजे अवाढव्य पाऊस, म्हटलं होतं. वर्गात हशा पिकला. तेव्हापासून इंग्रजीच्या तासाला हिचा हात वर गेलेला नाही.

विसरण्याचं तर नवल नव्हतंच. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये मांडलं, की बरंचसं पहिल्या दिवसातच गळतं. यादीतला सुटा शब्द मुलांना तितकाच निरर्थक.

"संस्कृत आहे ना तुला? 'हृ' धातू आठव." आहार, विहार, प्रहार, संहार, तिने म्हणून दाखवलं. मग सांगितलं, 'जेक्ट'चं मूळ लॅटिनमधलं, अर्थ फेकणं. आता तूच बघ. रिजेक्ट, मागे फेकणं. इंजेक्ट, आत. "प्रोजेक्टर चित्र पुढे फेकतो!" 'सब्जेक्ट'पाशी अडली. खाली टाकलेला? थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे प्रजा! राजाच्या हाताखालची." हे मी सांगितलेलं नव्हतं.

आठवड्याला पाचच शब्द ठरले, तेही वाचनात भेटलेले. शब्दासोबत त्याचा जोडीदार लिहायचा: पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. मग स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य. दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी अर्थ झाकून आठवायचा. नुसतं वाचून गेलं की येतंय असा भास होतो, एवढंच.

"पाचच?" आईचा चेहरा पडला. बोलता बोलता कळलं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्यांचंच इंग्रजी अडतं. चारशे शब्दांमागे ती टोचणी होती. मी म्हटलं, रात्री लेकीकडून तुम्हीही शिका. त्या नुसत्याच हसल्या.

तिसऱ्या भेटीला वही पुन्हा टेबलावर आली. मागच्या पानांवर आता दोन हस्ताक्षरं होती. 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश, या शब्दाखाली मुलीने लिहिलं होतं, की ती हात वर करायला रिलक्टंट होती. त्याखाली आईचं वाक्य, एक खाडाखोड करून: ठाण्याला गर्दीची फास्ट लोकल पकडायला मी रोजच रिलक्टंट असते.