साताऱ्यात राहून घरच्या घरी स्ट्रॉबेरीच्या स्वादाचे क्रेम ब्रूले कसे करावे? दोनदा केले, दोन्ही वेळा फाटले.

आपण लिहिले आहे की महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरीचा गर क्रीममध्ये मिसळून आपण दोनदा क्रेम ब्रूले करून पाहिले, दोन्ही वेळा ते दाणेदार झाले, वाटीच्या तळाशी पाणी सुटले, आणि वरची साखर जाळण्यासाठी आपल्याकडे गॅसच्या ज्योतीचा टॉर्चही नाही. मीही साताऱ्यातच राहते आणि हा पदार्थ घरी पुष्कळदा करते. आपला हात चुकलेला नाही, असे मला वाटते. स्वाद ज्या वाटेने आत घातला ती वाट या पदार्थाला मानवत नाही.

क्रेम ब्रूले म्हणजे शब्दशः जाळलेले क्रीम. क्रीम, अंड्याचा पिवळा बलक आणि साखर एवढेच त्यात असते. मैदा, कॉर्नफ्लोअर किंवा जिलेटिन यांपैकी काहीही नसल्यामुळे ते आळण्याची सगळी भिस्त बलकातल्या प्रथिनांवर असते. ही प्रथिने सावकाश तापली की एकमेकांत गुंफली जातात आणि त्या जाळ्यात क्रीम धरून ठेवतात. क्रीम आणि साखर सोबत असताना हे साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास घडते, आणि तापमान ८५ अंशांच्या पुढे गेले की तेच जाळे आवळले जाऊन धरलेले पाणी पिळून बाहेर टाकते. आपल्या वाटीच्या तळाशी जे पाणी दिसले ते हेच, आणि त्यात भर स्ट्रॉबेरीच्या पाण्याची, कारण या फळात दहातले नऊ भाग पाणीच असते. शिवाय फळाच्या आंबटपणामुळे गरम क्रीम फाटायला टेकलेलेच असते. त्यामुळे आच अगदी नेमकी असती तरी त्या गरासह ते एकजीव होणे अवघड होते.

आपल्याकडे चिकाचा खरवस ज्यांनी केला आहे त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. माझी आई खरवस लावताना झाकणाला पंचा बांधायची, म्हणजे वाफेचे थेंब वर पडत नाहीत, आणि आच इतकी मंद ठेवायची की भांड्याखालच्या पाण्याचा आवाजही येऊ नये. आच वाढली की खरवसाला जाळी पडते आणि तो पाणी सोडतो, हे ती दर वेळी सांगत असे. ढोकळ्याला जाळी हवी असते, इथे ती मुळीच नको.

म्हणून माझा आग्रह असा की स्वाद क्रीममध्ये उतरवावा आणि ज्या वस्तूचा तो स्वाद आहे ती गाळून बाहेर काढावी. स्निग्धांश सुगंध फार छान धरून ठेवतो, त्यामुळे पाण्याचा एक थेंबही न वाढवता चव आत जाते. मी यासाठी सर्वांत जास्त वेळा गवती चहा वापरते. परसात किंवा कुंडीत तो असतोच, त्याला लिंबाचा वास असतो पण लिंबाचा आंबटपणा नसतो, आणि अंड्याचा वशट वास ज्यांना नकोसा होतो त्यांनाही या स्वादामुळे तो जाणवत नाही. स्ट्रॉबेरी मात्र सोडू नका. ती कुठे घ्यायची ते शेवटी सांगते.

चार उथळ वाट्यांसाठी ४०० मिलीलिटर क्रीम, पाच अंड्यांचे बलक, ६० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घ्यावे. दुकानात २०० मिलीलिटरच्या डब्यात मिळणारे फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचे असते आणि ते इथे चालते. ३५ टक्क्यांच्या आसपासचे दुधाचे व्हिपिंग क्रीम मिळाले तर त्याचे ३०० मिलीलिटर आणि फुल क्रीम दुधाचे १०० मिलीलिटर घ्यावे, पोत अधिक रेशमी येतो. केकवाल्यांकडचे वनस्पती तुपाचे, आधीच गोड केलेले क्रीम घेऊ नये. घरची साय वापरायची असेल तर ती त्याच दिवशीची असावी. लोण्यासाठी चार-पाच दिवस साठवलेली, विरजण लागलेली साय गरम करताच फाटते.

गवती चहाची सहा-सात लांब पाने धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करावीत. नंतर ती दुमडून खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचावीत. पान चिरडले जाऊन हिरवट ओल दिसू लागली आणि वास एकदम नाकात भरला की थांबावे. त्यापुढे ठेचले तर गवताची कडवट चव उतरते. क्रीम जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे, कडेने बारीक बुडबुडे दिसू लागले की उकळी येण्याआधीच गॅस बंद करावा, पाने आत दाबावीत आणि घट्ट झाकण ठेवून अर्धा तास त्याकडे पाहू नये. हा सुगंध उडून जाणारा असतो, त्यामुळे झाकण महत्त्वाचे. मग पाने हाताने पिळून काढावीत, क्रीम गाळावे आणि पुन्हा कोमट-गरम करावे.

बलक आणि साखर एका भांड्यात साखर विरघळू लागेपर्यंत ढवळावी. फेटून फेस आणू नये, कारण तोच फेस पुढे वर बुडबुड्यांच्या रूपाने जमतो आणि साखरेचा थर एकसारखा बसू देत नाही. गरम क्रीमची बारीक धार एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. सगळे एकदम ओतले तर बलक शिजून त्याच्या गुठळ्या होतात. मिश्रण बारीक गाळणीतून पुन्हा गाळावे, वर आलेला फेस चमच्याने काढून टाकावा आणि वाट्यांत दोन ते तीन सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावे. चिनी मातीच्या वाट्या उत्तम. स्टीलच्या वाट्या चालतात, पण त्या चटकन तापतात आणि कडेचा भाग आधी आवळला जातो, म्हणून ट्रेच्या तळाशी जाड फडके अंथरावे.

ट्रेमध्ये वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी ओतावे. पाणी १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे ओव्हन कितीही कोरडा तापला तरी वाटीला झळ सौम्यच लागते. ओव्हन १५० अंशांवर ठेवून ३० ते ४० मिनिटे लागतात. ओटीजी, म्हणजे खाली-वर रॉड असलेला छोटा विजेचा ओव्हन, असेल तर फक्त खालचा रॉड लावावा आणि वाट्यांवर फॉइल सैल झाकावे. माझा ओटीजी आकड्यापेक्षा बराच जास्त तापतो हे मला तीन खेपा वाया गेल्यावर उमगले, म्हणून पंचविसाव्या मिनिटापासून पाहायला सुरुवात करावी. ओव्हन नसेल तर खरवसाचीच पद्धत घ्यावी: कढईत किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये स्टँड, खाली पाणी, झाकणाला बांधलेला पंचा, आणि पाणी खदखदणार नाही इतकी मंद आच. पंधरा ते वीस मिनिटांत काम होते.

झाले की नाही हे सुरी खुपसून ठरवू नये. वाटीला बोटाने हलकेच टिचकी मारावी. कडेचा भाग स्थिर राहिला आणि मधला रुपयाएवढा भाग कवडीदार दह्यासारखा थरथरला तर लगेच बाहेर काढावे. मधला भाग पातळ दुधासारखा हिंदकळत असेल तर अजून पाच मिनिटे. मधला भागही स्थिर होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता काही काळ काम करतच राहते. गरम पाण्यातून वाट्या उचलून गार होऊ द्याव्यात आणि झाकून फ्रिजमध्ये निदान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवाव्यात.

आता टॉर्चचा प्रश्न. या पदार्थाची कृती फ्रान्स्वा मासिआलो या फ्रेंच आचाऱ्याच्या १६९१ सालच्या पुस्तकात आढळते आणि तिथे वरची साखर चुलीतल्या लाल तापवलेल्या लोखंडी फावड्याने जाळायला सांगितली आहे. म्हणजे टॉर्च नसणे ही अडचण नव्हेच. जाड, पसरट लोखंडी उलथणे, लाकडी मुठीचे, मोठ्या गॅसवर तांबूस होईपर्यंत तापवावे, खिडकी उघडी ठेवावी, मुलांना लांब ठेवावे आणि उलथणे साखरेवर टेकवून हळूहळू फिरवावे. धूर बराच होतो. ते जमत नसेल तर साखर छोट्या कढईत पाण्याशिवाय वितळवून, मधाच्या रंगाची झाली की गार वाटीवर पातळ धारेने ओतावी आणि वाटी लगेच फिरवावी. पाकाचा थर किंचित जाड येतो, पण तोही खुटकन फुटतो.

वर घालायची साखर मिक्सरमधून एकदाच फिरवून रवाळ करावी आणि एका वाटीला दीड छोटा चमचा पुरतो. पिठीसाखर चटकन करपते. गूळ पावडरीत ओल असते, म्हणून तीही नको. साखर घालण्याआधी वाटीवर पाणी सुटले असेल तर कागदी रुमालाने टिपून घ्यावे. जाळल्यावर पाच मिनिटे थांबले की थर कडक होतो, पण पाकाला हवेतली ओल ओढून घेण्याची सवय असल्यामुळे अर्ध्या तासात खावे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात तर जाळल्या जाळल्याच वाढावे, नाहीतर तो चिकट होतो.

गवती चहाऐवजी केशर, ठेचलेले वेलदोडे, जाडसर कुटलेल्या कॉफीच्या बिया किंवा पांढरा भाग न घेता काढलेली संत्र्याची साल याच पद्धतीने वापरता येते. ताजे आले घालायचे असेल तर ते आधी पाण्यात उकळून घ्यावे, कारण कच्च्या आल्यातले एन्झाइम दुधाला फाडते. एकदा मी कंदी पेढा कुस्करून गरम क्रीममध्ये विरघळवला होता, साखर निम्मी केली होती आणि दोनदा गाळले होते. भाजलेल्या दुधाचा तो खमंगपणा जाळलेल्या साखरेखाली फारच शोभला.

आणि आपली स्ट्रॉबेरी: चांगली लाल फळे निवडून त्यांच्या फोडी कराव्यात, चमचाभर साखर लावून वीस मिनिटे ठेवाव्यात आणि त्यांच्या सुटलेल्या रसासह वेगळ्या वाटीत शेजारी द्याव्यात. साखरेचा थर चमच्याने फोडला की आधी गवती चहाचे गार क्रीम घ्यावे आणि लगेच त्यावर एक फोड.